बाई, तुम्ही समुद्र पाहिलाय का?

मैत्रिणींनो, प्रवासाचं लिहायचं म्हटलं की निघायचा दिवस, गाडी, डब्यात काय काय होतं, अशी सुरुवात करायची रीत आहे. ते सगळं सांगणारच आहे. पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे, कारण तिच्यामुळेच आम्ही बीडची माणसं घाटाखाली उतरलो.

मी बीडजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. भूगोल आणि मराठी. सकाळचा स्वयंपाक, मुलाचा डबा, आत्याबाईंच्या गुडघ्याला तेल, एवढं उरकलं की मी एस. टी. पकडायला पळते. २०२४ च्या पावसाळ्यात सातवीला भरती-ओहोटीचा धडा चालला होता. फळ्यावर पृथ्वी काढली, चंद्र काढला, दोन्ही बाजूंनी पाणी फुगलेलं दाखवलं. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. हुशार पोर, पण दिवाळी झाली की वर्गात दिसत नाही. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि धाकट्या भावाला सांभाळायला हिला बरोबर नेतात. तिनं विचारलं, "बाई, तुम्ही समुद्र पाहिलाय का?"

मी "हो" म्हणाले.

का म्हणाले, ते आजही सांगता यायचं नाही. फळ्यासमोर खडू धरून "नाही" म्हणायची लाज वाटली एवढंच. तिचा लगेच दुसरा प्रश्न आला, "मग त्याचा आवाज कसा असतो?" मी म्हटलं, "मोठा असतो." आणि मुलींनी माना खाली घालून ते वहीत लिहून घेतलं! त्या रात्री माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

तुमच्यापैकी पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना हे नवल वाटेल. पण नकाशा काढून बघा. बीड आणि मुंबई जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, सरळ आडवी रेघ मारावी तशी. तरी आमच्या बिंदुसरेचं पाणी तिकडे जातच नाही. ते सिंदफणेला मिळतं, सिंदफणा मंजरथजवळ गोदावरीला, आणि गोदावरी सगळं घेऊन पूर्वेला बंगालच्या उपसागरात जाते. पश्चिमेचा समुद्र जवळ असून आमच्या पाण्याला त्याची ओळख नाही. माणसांनाही नाही. आमच्याकडे पाणी पाहायचं म्हणजे कंकालेश्वराच्या देवळाभोवतीचं, नाहीतर दुष्काळातही आटत नाही अशी ख्याती असलेल्या खजाना बावडीचं. एरवी पाणी मोजायचं ते हंड्यांनी आणि टँकरच्या खेपांनी.

२०२५ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रात एक बातमी वाचली. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये पायाला बिल्ला लावलेली एक कासवीण थेट आपल्या गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आली. म्हणजे आमची गोदावरी ज्या उपसागराला मिळते, तिथून निघून ही अरबी समुद्रात पोचली! मी कात्री घेऊन बातमी कापली आणि ह्यांच्या ताटाशेजारी ठेवली. हे म्हणाले, "समुद्रच बघायचाय ना? मुंबईची चौपाटी दाखवतो." मी म्हटलं, "चौपाटी नको. कासवं येतात तो समुद्र दाखवा." कोपऱ्यातून आत्याबाई म्हणाल्या, "म्या बी येते." झालं. ह्यांनी दिरांची जुनी गाडी मागून आणली, रंगपंचमीच्या आगेमागे सुट्ट्या जुळवल्या आणि आम्ही चौघं निघालो.

डबा सांगते. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, तीळ लावलेल्या कडक बाजरीच्या भाकऱ्या, आणि आत्याबाईंच्या हट्टानं येसराचं पीठ. घाटासाठी आवळासुपारी आणि आलेपाक. एक चूक मात्र केली, ती तुम्ही करू नका. मी पापड आणि मीठ कागदी पुडीत नेलं. कोकणच्या हवेत मीठ पाघळून चिखल झाला आणि पापडाचं पोतेरं. घट्ट झाकणाची बरणीच न्यावी. साड्याही सुती न्याव्या. तिकडे धुतलेलं कापड रात्रीतून वाळत नाही, ही गोष्ट आम्हां मराठवाड्याच्या बायकांच्या लक्षातच येत नाही.

पहाटे मांजरसुंबा ओलांडून पाटोद्याच्या वाटेला लागलो. नायगावचं मयूर अभयारण्य याच बाजूला आहे. १९९४ मध्ये झालेलं, जवळजवळ ३० चौरस किलोमीटरचं. घरापासून इतकं जवळ असून मी तिथे कधी थांबले नव्हते. गाडी कडेला लावली, काच खाली केली, आणि बालाघाटाच्या त्या वाळक्या, काटेरी रानातून केका ऐकू आल्या. दोन मोर आणि तीन लांडोरी रस्ता ओलांडून गेल्या. मुलगा म्हणाला, "आई, हे तर आपलंच आहे की." पुढे सौताड्याला विंचरणा नदीचा धबधबा पाहायला थांबलो. मार्चचा महिना, काळ्या कड्यावर नुसता ओघळाचा डाग दिसत होता. पावसाळ्यात जाल तर दरीतल्या रामेश्वराचं दर्शन घेऊन तो जरूर पाहा. आम्ही कोरड्या कड्याला नमस्कार केला आणि जामखेडवरून पुण्याला मुक्कामाला पोचलो.

दुसऱ्या दिवशी ताम्हिणीच्या रस्त्याने निघालो. मुळशी धरणाचं पाणी दिसू लागलं आणि आत्याबाईंनी मागून माझा खांदा धरला. "ह्योच का गं समुद्र?" मी नाही म्हटलं. अर्धा तास पाणी सोबत होतं. त्यांनी आणखी दोनदा विचारलं. दुसऱ्या खेपेला मलाच शंका आली.

घाट उतरताना सगळंच बदलत जातं. आमच्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही आला तर. इथे तीन हजारांच्या पुढे. ढग समुद्रावरून येतात, सह्याद्रीला अडतात, इथेच रिकामे होतात आणि आमच्या वाट्याला वारा येतो. पर्जन्यछायेचा हा धडा मी किती वर्षं शिकवते आहे! पण डोंगराच्या एका बाजूला पिवळं कुसळ आणि दुसऱ्या बाजूला हिरवी झाडी, हे दोन तासांत डोळ्यांनी पाहिलं तेव्हा आपण मुलांना केवढी मोठी गोष्ट किती कोरडेपणानं सांगतो ते कळलं. वाटेत पळस पेटलेला, काटेसावरीवर मैनांचा गोंधळ. मुलाला मात्र घाट लागला आणि आवळासुपारी संपली.

माणगाव सोडून म्हसळ्याकडे वळल्यावर ह्यांनी गाडी थांबवली आणि बोट वर केलं. दोन मोठे पक्षी पंख न हलवता गोल फिरत होते. चहाच्या टपरीवर विचारलं तर म्हणाले, गिधाडं. म्हसळ्याजवळ चिरगावच्या रानात ती झाडांवर घरटी करतात, गावकऱ्यांनी आणि पक्षिमित्रांनी जपलेली आहेत. घरट्यांजवळ जाऊ नका, पिल्लं घाबरतात, असंही बजावलं. आम्ही रस्त्यावरूनच पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या गावाभाईर लई असायची. बैल मेला की झाडं भरून जायची. कवा गेली, कुनाला कळलंच न्हाई." गेली ती डायक्लोफिनॅक नावाच्या वेदनाशामक औषधामुळे. गुरांना ते टोचायचे, तसलं मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी व्हायचं. जनावरांसाठी त्याच्यावर २००६ मध्ये बंदी आली, पण तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. आत्याबाईंनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बैलाच्या गुडघ्याची सुई?" आणि स्वतःच्या गुडघ्यावरून हात फिरवला.

उन्हं कलताना दिवेआगरला पोचलो. सुपारीच्या वाड्यांमधून पायवाट जाते. त्या वाड्यांत मधेच मोठमोठी खिंडारं दिसतात. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळात इथल्या आणि श्रीवर्धनच्या माडा-पोफळींची रांगच्या रांग झोपली. सुपारीचं नवं झाड फळाला यायला सहा-सात वर्षं घेतं. एका वाडीतल्या वहिनी हातभर उंचीची रोपं दाखवत म्हणाल्या, "ही आमच्यासाठी नाहीत हो, मुलांसाठी." पोफळी संपल्या, केवड्याचं बन आलं, आणि आधी कानांवर आला तो आवाज.

मैत्रिणींनो, तो "मोठा" नसतो! मी अगदी चुकीचं लिहून दिलं होतं. तो थांबत नाही, एवढंच त्याचं वेगळेपण. मोठा आवाज आमच्याकडे गडगडाटाचाही असतो, पण तो होऊन जातो. हा आत येतो, ओढला जातो, पुन्हा येतो. ज्वारी पाखडताना सुपाचा येतो ना, धान्य वर जाऊन खाली पडल्याचा, त्याच्या फार जवळचा. मी तिथेच पिशवीतून वही काढून लिहून ठेवलं.

आत्याबाई पाण्यापासून दहा पावलांवर थांबल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढं पानी, अन् मालक कोन?" पुढे झाल्या, ओंजळ भरली, तोंडाला लावली आणि थुंकली. "माय वं! एक घोट बी कामाचा न्हाई." आम्ही सगळे हसलो. त्या हसल्या नाहीत. हयातभर डोक्यावर हंडे वाहिलेल्या बाईला तो विनोद कसा वाटावा?

ओहोटी लागली होती. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या, वाटाण्याएवढ्या गोळ्यांची रांगोळी घातलेली दिसली. मुलगा म्हणाला, कुणी काढली? बारीकसे खेकडे काढतात. वाळू तोंडात घ्यायची, त्यातलं अन्न तेवढं खायचं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवायची. भरती आली की सगळं पुसलं जातं आणि ओहोटीला पुन्हा पहिल्यापासून सुरू. रोजच्या केरवाऱ्याचा तुम्हांला कंटाळा येत असेल तर हे जाऊन बघा. कंटाळा जाणार नाही, पण सोबत मिळेल.

रात्री ज्यांच्या घरी उतरलो, त्या आजोबांनी मला भरतीचं गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीचा ताशी अंदाज येतो. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला. त्या दिवशी ती लहान भरती, तिला भांगाची म्हणतात. पुनवेला-अवसेला उधाण. दुसऱ्या दिवशी पंचमी, म्हणजे पावणेचारला भरती आणि त्याआधी सहा तास, सकाळी दहाच्या आतबाहेर, ओहोटी. माझ्या फळ्यावरचा चंद्र आणि हे पंचांग एकच गोष्ट सांगत होते. मीच कधी ते जुळवून पाहिलं नव्हतं.

हे गणित लगेच कामी आलं. पण आधी दिवेआगर ते श्रीवर्धनचा रस्ता सांगते, कारण या सगळ्या प्रवासात पुन्हा एकदा करावा असा तोच. भरडखोल, शेखाडी, आरावी अशी गावं घेत तो किनाऱ्याला धरून जातो. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला इतकं जवळ पाणी की काही वळणांवर काचेवर तुषार उडतात. भरडखोलला मासे वाळत घातलेले, होड्यांवर रंगीत पताका. वास उग्र येतो, नाकाला पदर लावू नका, ते त्यांचं धान्य आहे. शेखाडी म्हटल्यावर ह्यांना १९९३ आठवलं. मुंबईच्या बॉम्बस्फोटांची स्फोटकं याच किनाऱ्यावर उतरवली होती. आज तिथे पोरं रंगपंचमीचे रंग खेळत होती आणि एकीनं आत्याबाईंच्या कपाळाला गुलाल लावला. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव, पण आमचा मुक्काम पुढे असल्याने तिथे नुसता चहा घेतला.

हरिहरेश्वरला देवळामागून खडकांवरून प्रदक्षिणेची वाट आहे. लाटांनी कोरून कोरून कातळाला मधमाशीच्या पोळ्यासारखं केलं आहे. ही वाट फक्त ओहोटीला मोकळी असते. भरती चढायला लागली की पाणी फार झपाट्यानं येतं आणि खडकावर शेवाळ असतं. इथे माणसं वाहून गेलेली आहेत. तेव्हा देवळात विचारल्याशिवाय उतरू नका आणि फोटोसाठी कडेला तर मुळीच उभं राहू नका. आम्ही दहाला उतरलो, अकराच्या आत वर आलो. आत्याबाई वरच्या पायरीवर बसून राहिल्या. त्यांची प्रदक्षिणा मी केली.

बागमांडल्याला सावित्री नदी आडवी येते. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी इथे समुद्राला मिळते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. गाडीसकट माणसांना पलीकडे वेश्वीला नेणारी फेरीबोट आहे. पाण्यावर गाडी ही कल्पना आत्याबाईंना मान्य नव्हती. त्या गाडीतच डोळे मिटून बसल्या आणि उतरल्यावर म्हणाल्या, "झालं? मंग उगंच भ्याले." बाणकोटचा किल्ला डोक्यावर ठेवून, खाडीच्या कडेनं आम्ही वेळासला पोचलो.

आता वेळास. नाना फडणविसांच्या घराण्याचं हे मूळ गाव, मंडणगड तालुक्यातलं, लाल चिऱ्यांच्या घरांचं. पण आज लोक येतात ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी हिवाळ्यात रात्रीच्या वेळी वाळूत येतात, मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करतात, शंभर-सव्वाशे अंडी घालतात, खड्डा बुजवून समुद्रात निघून जातात. पुन्हा त्या खड्ड्याकडे फिरकत नाहीत. पूर्वी ही अंडी माणसं उकरून न्यायची, खायची, विकायची. उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांची. २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेनं गावाला बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. आता गावातली माणसं पहाटे किनारा पायी धुंडाळतात, घरटं सापडलं की अंडी अलगद उचलून जाळीच्या कुंपणात तसाच खड्डा करून त्यात ठेवतात. २००६ पासून कासव महोत्सव भरतो आणि पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात.

आमच्या घरच्या वहिनींनी केळीच्या पानावर उकडीचे मोदक आणि सोलकढी वाढली. आत्याबाईंनी सोलकढीला "गुलाबी ताक" म्हणून नाव ठेवलं आणि तीन वाट्या प्यायल्या. मग दोघी चुलीशी बसल्या. येसराची आमटी कशी करायची ते इकडून तिकडे गेलं, आमसुलं कशी वाळवायची ते तिकडून इकडे आलं. मी म्हटलं, "वहिनी, तुमच्याकडे पाण्याची चैन आहे." त्या हसल्या. "मे महिन्यात या. विहिरी तळाला जातात. एवढा पाऊस पडतो, पण जांभा दगड धरून ठेवत नाही, सगळं समुद्रात." हे मात्र मला कुठल्याच धड्यानं सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. जाळीच्या आत ओळीनं खड्डे, प्रत्येकावर पालथी टोपली, शेजारी तारखेची पाटी. कार्यकर्ते सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलून बघतात. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं आपली आपण वाळू उकरून वर येतात, कधी येतील ते त्यांच्या मनावर. वाळू जास्त ऊबदार असली तर माद्या जास्त होतात, थंड असली तर नर, हेही तिथेच ऐकलं. एकेक टोपली उचलली गेली. काही नाही. शेवटची उचलली. तीही रिकामी. मुंबईहून आलेली मंडळी परत फिरली. आमचा बेत पहाटे पाचला निघून दापोली गाठायचा होता. हे घड्याळाकडे बघत होते. मी काहीच बोलले नाही, पण चेहरा लपवता येत नाही मला. शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "उद्या सकाळच्याला बघून मंग जाऊ. चार तास उशीर झाला तर काय कारखाना बंद पडतोय?"

म्हणून सांगते, वेळासला जाल तर एकच वेळ धरून जाऊ नका. दोन सकाळी हातात ठेवा.

सकाळी सातला दुसऱ्याच टोपलीखाली वाळू हलत होती. चौदा पिल्लं. राखाडी, आमटीच्या वाटीत मावतील एवढी, पाठीवर अजून वाळू. ती एका पाटीत घेतली, दोरीच्या पलीकडे नेली आणि पाण्यापासून बऱ्याच अंतरावर सोडली. मुलानं विचारलं, थेट पाण्यात का नाही सोडत? तर ही वाळू त्यांना स्वतः चालून जावी लागते. असं म्हणतात की त्यातूनच त्यांना हा किनारा ओळखीचा होतो आणि मोठ्या झालेल्या माद्या अंडी घालायला याच भागात परत येतात. हात लावायचा नाही, दिवा मारायचा नाही, दोरी ओलांडायची नाही. हजारातलं एखादंच पिल्लू मोठं होतं म्हणे. २०२२ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाला खुणा पाठवणारं यंत्र बसवलं, तिचं नाव 'प्रथमा' ठेवलं. असं यंत्र लावलेली आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची ती पहिलीच.

चौदाच्या चौदा पिल्लं समुद्राच्या दिशेनं निघाली. एक उलटं पडलं, पाय हलवत राहिलं, सावरलं. लाट आली की चार-पाच नाहीशी व्हायची, दोन मागे फेकली जायची, पुन्हा चालू लागायची. कुणी बोलत नव्हतं.

आत्याबाईंनी विचारलं, "ह्यांची माय कुठंय?"

मी म्हटलं, "ती अंडी घालून गेली, आत्याबाई. ती थांबत नाही."

त्या जरा वेळानं म्हणाल्या, "पोटापायी गेली आसंल."

मैत्रिणींनो, आमचे सासरे आणि आत्याबाई चौदा हंगाम कोयत्यावर होते. ह्यांना अडीच वर्षांचं असताना आजीजवळ ठेवून त्या पहिल्यांदा साखर कारखान्याला गेल्या, आणि पाच-सहा महिन्यांनी परतल्या तेव्हा मूल ओळखेना, आजीच्या लुगड्यामागे लपलं. हे मला माहीत होतं, पण नणंदेकडून. घरात हा विषय कुणी काढत नाही. ह्यांनी आईकडे पाहिलं नाही. शेवटचं पिल्लू लाटेत गेल्यावर पुढे झाले, तिचा हात धरला आणि ओल्या वाळूवरून सावकाश वर घेऊन आले. एवढंच घडलं.

पुढचा प्रवास भराभर सांगते. केळशीच्या देवीचं दर्शन, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, तिथून दिसणारा सुवर्णदुर्ग. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहिला. बोटीतून टोपल्या उतरतात आणि किनाऱ्यावर कोळणी भाव पाडतात, हातात नोटा, डोक्यावर अख्खा दर्या. आमच्याकडच्या आडतीतही अशी बाई मी पाहिली नाही. डॉल्फिन दाखवायला होड्या नेतात, आम्ही गेलो, दिसले नाहीत. शेजारच्या होडीला दिसले.

मुक्कामाला मुरुडला होतो. महर्षी कर्व्यांचं बालपण या गावात गेलं. परीक्षेला बसायचं म्हणून ते इथून डोंगर ओलांडून साताऱ्याला पायी गेले आणि वयानं लहान दिसतोस म्हणून त्यांना परत पाठवलं. १८९३ मध्ये त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा याच गावानं त्यांना वाळीत टाकलं होतं. आम्ही बायका आज पदव्या मिरवतो, त्यातल्या कितीतरी वाटा या वाळूतून निघाल्या. मी बी. ए. बाहेरून झाले, लग्नानंतर. आत्याबाईंनी तेव्हा परीक्षेच्या दिवसांत चूल सांभाळली होती. त्या अंगठा उठवतात.

निघताना मी एक लिटरची बाटली समुद्राच्या पाण्यानं भरली. "घरी पानी कमी हाय का?" असं विचारून आत्याबाईंनी स्वतःच ती ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतली, ती बीडपर्यंत.

सोमवारी वर्गात आधी खरं सांगून टाकलं. "मी तेव्हा समुद्र पाहिला नव्हता. आता पाहून आले." पोरं जराही रागावली नाहीत. त्यांना फक्त वहीत खोडायचं की नाही एवढं हवं होतं. "मोठा असतो" खोडून सगळ्यांनी सुपाचं लिहून घेतलं. मग अर्धा लिटर पाणी स्टोव्हवर आटवलं. लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं असं पुस्तक सांगतं. आमच्या पातेल्याच्या बुडाला पांढरी खरपुडी धरली, ती सगळ्यांनी बोट लावून चाटली. उरलेलं पाणी कपाटात ठेवलं.

पाडव्याच्या आधी टोळ्या परतायला लागल्या. एका सकाळी ती मुलगी मागच्या बाकावर दिसली, हातांना उसाच्या पाल्याचे ओरखडे, केस उन्हानं तांबूस झालेले. मी बाटली काढली. तिनं झाकणात पाणी घेतलं, जिभेला लावलं, तोंड वेडंवाकडं केलं. पोरी हसल्या. मग ती म्हणाली,

"बाई, आम्ही होतो तिथं नदी होती. फडाच्या कडेला, रात्रीसुद्धा वाहायची. तुमच्या समुद्रासारखाच आवाज यायचा, सुपासारखा. ते भूगोलात लिहू का?"